उकिरडा कुणाचा?

पाटोद्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय आहे उकिरडा. रेडिओवर उकिरड्याचं काय बोलायचं, म्हणून आमच्यातल्याच दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. हसून घ्या. पण तुमच्या सासूच्या वेळचा उकिरडा नेमका कुठं होता, तेवढं आठवत आठवत ऐका.

गेल्या साली आमच्या गटानं ठराव केला, की घरातला ओला कचरा बाहेर टाकायचा नाही, त्याचं घरीच खत करायचं. अकरा जणींनी जुने डबे, फुटक्या बादल्या, एकीनं तर लग्नातला पाण्याचा पिंप काढला. भाजीची देठं, कांद्याची टरफलं, उरलेला भात, चहाचा चोथा, सगळं त्यात टाकत गेलो. तीन आठवड्यांत सात जणींनी डबे पालथे केले. वास सुटला, अळ्या झाल्या. एकीच्या शेजारणीनं भांडण काढलं. एकीच्या नवऱ्यानं डबा उचलून ओढ्यात टाकला. मिटिंगला सगळ्या मान खाली घालून बसलेल्या. तेव्हा गटातली सगळ्यात थोरली बाई म्हणाली, "तुम्ही बादलीत नासवत होता. आम्ही उकिरड्यात मुरवत होतो."

नासवणं आणि मुरवणं. एवढा एक फरक आमच्या सासवांना कळत होता आणि बी.ए. झालेल्या आम्हाला कळत नव्हता. मग आम्ही ठरवलं, आधी उकिरडा समजून घेऊ. कुठून आला, कुठं गेला, आणि जाताना आपलं काय घेऊन गेला.

थोरल्या बायांना विचारत गेलो. प्रत्येकीनं हात करून जागा दाखवली. इथं, गोठ्याच्या मागं. तिथं, बाभळीखाली. आज त्या जागेवर कुठं सिमेंटची टाकी आहे, कुठं संडास, कुठं मोटारसायकल उभी असते, एका ठिकाणी तर मोबाईलचं दुकान आहे. उकिरडा कधी मोडला, ते मात्र एकीलाही नेमकं सांगता आलं नाही. घरातलं माणूस गेलं तर तिथी लक्षात राहते. उकिरडा गेला तर कोण लक्षात ठेवणार?

त्यांनी सांगितलेला उकिरडा असा होता. पहाटे उठून शेण काढायचं. त्यातलं चांगलं शेण गोवऱ्यांना आणि सारवणाला बाजूला ठेवायचं. उरलेलं शेण, गव्हाणीतली जनावरांनी टाकून दिलेली वैरण, गोठ्यातली ओली माती, चुलीची राख, अंगणातला केर, हे सगळं पाटीत भरून उकिरड्यावर नेऊन पसरायचं. पसरायचं हं, नुसतं ओतायचं नाही. आणि गंमत अशी, की जेवणातलं उरलंसुरलं तिथं फारसं पोचतच नव्हतं. शिळी भाकरी गाईला, भांडी धुतलेलं खरकटं पाणी म्हशीच्या आंबोणात, हाडूक कुत्र्याला, सांडलेले दाणे कोंबड्यांना. चार तोंडांतून उरलं तर उकिरड्याला. म्हणजे जेवणाचं उष्टं आधी जनावराच्या पोटातून जायचं आणि शेण होऊन उकिरड्यावर यायचं. आम्ही त्या अकरा डब्यांत जे करायला बघत होतो, ते काम त्या काळी म्हैस करत होती!

वर्षभर तो ढीग मुरायचा. चैत्र-वैशाखात गाड्या भरायच्या. गाडी हाकायला गडी, पाट्या भरायला आणि रानात कुंडे पांगवायला बाया. आपलं हे बालाघाटाचं रान, पाटोद्याकडचं बरंचसं बरड, मुरमाड. ढेकूळ हातात घेतलं तर भुगा होतो. अशा रानात शेणखत पडलं तर पावसाचा खंड पडला तरी पीक चार दिवस जास्त तग धरतं. हे शिकायला कुणी कुठल्या शाळेत गेलं नव्हतं. दिवाळीत दारात पणती, तुळशीत पणती, तशी एक पणती उकिरड्यावरही ठेवायची. आमच्यातल्या काही जणींनी लहानपणी स्वतःच्या हातांनी ठेवली आहे. उकिरड्याची दैनासुद्धा बारा वर्षांनी फिटते, असं आपण म्हणतो. ती म्हण नशिबाविषयी आहे खरी, पण उकिरड्याकडं बघून सुचली आहे.

हे आपल्या घरातलं झालं. आता कागदावर काय लिहिलं गेलं ते सांगतो.

इंग्रज सरकारनं जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानची शेती बघायला पाठवलं. त्याचा अहवाल १८९३ साली छापून आला. हिंदुस्थानी शेतकरी अडाणी आहे असं म्हणायची तेव्हाच्या साहेबांना सवय होती. व्होल्करनं तसं म्हटलं नाही. त्यानं लिहिलं, की शेण जळतंय ते शेतकऱ्याला त्याची किंमत कळत नाही म्हणून नव्हे, त्याच्याकडं सरपण नाही म्हणून. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण चुलीपुढं बसणाऱ्या बाईला ती आजही पटेल. गोवरी थापू की उकिरड्यावर टाकू, हा रोज सकाळचा हिशेब. चूल पेटली नाही तर घर उपाशी, रानाला शेण मिळालं नाही तर पुढच्या साली घर उपाशी. हा हिशेब घरातल्या बाईनं केला, आणि तिला कुणी अर्थशास्त्री म्हटलं नाही.

पुढची गोष्ट इंदूरची. इंदूर म्हणजे होळकरांचं गाव, आणि होळकरांच्या अहिल्यादेवी आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. तेव्हा परकं गाव समजू नका. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी शेती संस्थेत आला. १९२४ पासून १९३१ पर्यंत तो इंदूरला होता. तिथं होळकर संस्थानानं दिलेल्या जमिनीवर संशोधन संस्था उभी राहिली. तिचं काम मुख्यतः कापसावरचं. पण हॉवर्डच्या डोक्यात खत बसलं होतं. शेतकऱ्याकडं शेण थोडं आणि काडीकचरा भरपूर, मग थोड्या शेणात भरपूर काडीकचऱ्याचं खत कसं होईल? त्यानं आणि यशवंत वाड या त्याच्या रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्यानं मिळून त्याची रीत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावानं पुस्तक निघालं. तीच पुढं जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली. आफ्रिकेतल्या कॉफीच्या आणि सिलोनच्या चहाच्या मळ्यांपर्यंत ती पोचली.

काय होतं त्या पद्धतीत? कापसाच्या पऱ्हाट्या, तण, पाला, उसाचं पाचट असा सुका माल थर देऊन पसरायचा. त्यावर शेणाचा काला. त्यावर गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख. पाणी शिंपडायचं, पण चिखल होऊ द्यायचा नाही. ठरल्या दिवसांनी तीनदा खालीवर करायचं, म्हणजे आतल्या जिवाणूंना हवा मिळते. तीन महिन्यांत खत तयार. आमच्या मिटिंगमध्ये हे वाचून दाखवलं तेव्हा थोरली बाई म्हणाली, "मग यात नवं काय?" नवं होतं. आपला ढीग मुरायला वर्ष लागायचं, उन्हानं सुकायचा, पावसानं त्यातला कस वाहून जायचा. त्यांनी मापं ठरवली, दिवस ठरवले, खालीवर करणं ठरवलं. ते श्रेय त्यांचंच. आणि शेतकरी आणि पिकावरची कीड हे आपले गुरू, असं हॉवर्डनं पुढं मोकळेपणानं लिहिलं. फक्त गोठ्यातली माती पाटीनं काढणारी कोण होती, राख वेगळी ठेवणारी कोण होती, हे त्या गुरूंच्या यादीत शोधायला गेलं तर सापडत नाही.

आणखी एक नाव मागं राहतं. गॅब्रिएल हॉवर्ड, अल्बर्टची बायको. ती स्वतः शिकलेली वनस्पतिशास्त्रज्ञ होती. हिंदुस्थानात आल्यावर सुरुवातीला नवऱ्याची मदतनीस म्हणूनच राबली. १९१३ साली तिला स्वतःचं सरकारी पद मिळालं, तेही नवऱ्याच्या खालचं. पुसा आणि इंदूर दोन्हीकडचं काम दोघांचं होतं. १९३० साली ती वारली, पुढच्या साली ते पुस्तक आलं. आज इंदूर पद्धत म्हटली की हॉवर्डचं नाव निघतं, वाडांचं क्वचित, गॅब्रिएलचं जवळजवळ नाहीच. साहेबाच्या घरीसुद्धा तेच, एवढंच म्हणतो आणि पुढं जातो.

स्वातंत्र्य मिळालं त्या १९४७ सालच्या डिसेंबरात दिल्लीत कंपोस्ट खताची अखिल भारतीय परिषद झाली. ती मीराबेनच्या पुढाकारानं झाली आणि गांधीजींनी तिच्याविषयी 'हरिजन'मध्ये लिहिलं. फाळणीचा वणवा पेटलेला, लाखो माणसं रस्त्यावर, आणि त्यातही खताचा विचार करायला माणसं बसली होती. आपल्या महाराष्ट्रात कोकणातल्या कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम काढला. मैला, शेण, केरकचरा यांचं खत करणं हे तिथलं मुख्य काम. त्याच्या कितीतरी आधी, १९३२ साली, रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घेतलं होतं. सरकार ते देईना म्हणून उपास धरला होता. उच्च जातीच्या माणसानं ते काम मागून करायचं, ही त्या वेळी मोठी गोष्ट होती.

पण याच ठिकाणी आमच्या गटात एक अवघड बोलणं झालं, ते लपवून पुढं जाणं बरोबर नाही. आमच्यातली एक जण म्हणाली, "तुम्हाला कचऱ्यात हात घालायचं नवल वाटतं. आमच्या आज्यांना ते कुणी विचारून दिलं नव्हतं." सगळ्या गप्प झाल्या. खरकटं हा शब्द नुसता स्वैपाकघरातला नाही. कुणाच्या घरचं उष्टं कुणाच्या पदरात पडायचं, हे गावानं जातीवरून ठरवलेलं होतं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळेपाके तुकडे आता सोडा. त्यामागं किती पिढ्यांचा अपमान होता! म्हणून आमच्या गटात त्या दिवशी ठरलं, आपापल्या घरचा कचरा आपापल्या घरी. एकीच्या घरचा डबा दुसरीनं साफ करायचा नाही, पैसे देऊनसुद्धा नाही. हा ठराव आम्ही वहीत लिहिलाय. सगळ्या ठरावांत आम्हाला तोच महत्त्वाचा वाटतो.

मग उकिरडा गेला कसा? एका दिवसात गेला नाही. साठच्या दशकात हायब्रीड ज्वारी आली आणि तिच्या मागोमाग रासायनिक खताची गोणी. तुर्भ्याच्या कारखान्यातलं 'सुफला' थोरल्या शेतकऱ्यांना अजून नावानं आठवतं. गोणी फाडली, मूठ मारली, पीक हिरवंगार. वर्षभर पाट्या वाहायची गरज नाही. बायांच्या डोक्यावरचं ओझं त्यानं हलकं केलं हेही खरं, आम्ही ते नाकारणार नाही. फक्त उधारीचं ओझं वाढलं. परवा-परवापर्यंत युरियाची गोणी पन्नास किलोची होती, ती आता पंचेचाळीस किलोची झाली. उकिरडा कधी पाच किलोनं कमी झाला नव्हता.

मग १९७२ चा दुष्काळ. जनावरं विकली, काही दावणीला मेली. त्या दुष्काळात आणि नंतरही मराठवाड्यातली हजारो कुटुंबं पुण्यामुंबईकडं गेली. त्यातल्या कितीतरी बाया पुण्यात कचरा वेचायला लागल्या. इथं ज्यांच्या हातात उकिरड्याची पाटी होती त्यांच्या हातात शहराची कचराकुंडी आली. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांची ती संघटना. त्यांना ओळखपत्रं मिळाली. २००८ पासून 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेच्या बाया पुण्यात दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. घरात वेगळा केला तर तो माल आहे, एकत्र केला तर घाण आहे. पुण्याची घाण वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांच्या दारात जाऊन पडली. तिथल्या लोकांनी किती आंदोलनं केली! एका शहराचा उकिरडा दोन गावांच्या उरावर.

आपल्याकडं जनावरं नंतर पुन्हा थोडी वाढली, पुन्हा दुष्काळात कमी झाली. २०१९ ला बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या. जनावरं छावणीला, घरचा गोठा रिकामा. ट्रॅक्टर आला तसे बैलही गेले. ज्या घरात दोन बैल, एक म्हैस आणि एक गाय होती, तिथं आता एक शेळी. आणि मग उरलेल्या भाकरीचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला. खाणारी तोंडं गेली म्हणून अन्न कचरा झालं.

स्वच्छतेच्या मोहिमांनी राहिलेलं काम केलं. २००० साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावं झाडली गेली, संडास झाले, बायांची अंधारात बाहेर जायची वेळ गेली. त्याचं मोल आम्हाला माहीत आहे. पण परीक्षण समिती यायची म्हटलं की पहिला उकिरडा हलायचा. वस्तीच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडं. शेण तिथं नेलं जायचं, कारण शेणाला किंमत. देठं आणि टरफलं तेवढ्यासाठी कोण नेणार? ती दारापुढच्या नालीत गेली. खरं तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात गावाच्या कामांच्या यादीत खताची साधनं जपणं, कंपोस्ट करणं आणि ते विकणं हे काम लिहिलेलंच आहे. बक्षिसाच्या घाईत ते कुणाला आठवलं नाही. पुढं प्लॅस्टिक आलं. शाम्पूच्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी झाली, पुड्या मात्र अजून नालीत दिसतात. आज एखादीनं जुना ढीग उकरला तर खताच्या निम्म्या पाटीत पुड्याच निघतात. आता पाटोद्याला नगरपंचायत आहे. २०१६ च्या देशभराच्या नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं होतं. नियम आहे. डबा मात्र आपल्यालाच भरायचाय.

इथं एक सांगतो, कारण बाहेरच्या लोकांचा नेहमी घोळ होतो. पाटोदा म्हटलं की लोक म्हणतात, "अरे वा, भास्करराव पेरे पाटलांचं गाव!" ते पाटोदा निराळं, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं. तिथं कर पूर्ण भरणाऱ्याला गिरणीत दळण फुकट मिळतं आणि कचरा वेगळा घेतला जातो, हे राज्यभर गाजलं. आपण बीड जिल्ह्यातले पाटोद्याचे. नाव तेच, काम अजून व्हायचंय. पूर्वी आम्ही हसून सोडून द्यायचो. आता आम्ही म्हणतो, थांबा.

आमच्या कामाचा धागा अखेर मिळाला तो विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला. तिथले नारायण देवताव पांढरीपांडे, सगळे त्यांना नाडेप काका म्हणायचे. नावातली पहिली अक्षरं जोडून 'नाडेप'. त्यांनी विटांची जाळीदार टाकी बसवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेला भोकं ठेवलेली. काडीकचरा चौदा-पंधरा क्विंटल, जवळपास तेवढीच किंवा थोडी जास्त कोरडी माती, आणि शेण फक्त नव्वद-शंभर किलो. वरून लिंपून बंद. तीन-चार महिन्यांत खत. इंदूर पद्धतीसारखं खालीवर करायचं नाही. रोजगार हमीच्या कामांत या टाक्या बसतात, पण आमच्यासाठी त्यातली गोष्ट होती ती वेगळीच. शेण थोडं, माती भरपूर. ज्या घरात गाय नाही त्या घरातही खत होतं!

मग आमच्या डब्यांचं काय चुकलं होतं ते उलगडलं. आम्ही ओल्यावर ओलं टाकत होतो. हॉवर्ड आणि वाड सुकं घालत होते, नाडेप काका माती घालत होते, आमच्या सासवा राख आणि वैरण घालत होत्या. आम्ही काहीच नाही. घरोघरी गॅस आल्यापासून राखसुद्धा नव्हती.

दुसऱ्या खेपेला अशी सुरुवात केली. बुडाला आणि अंगाला भोकं पाडलेला डबा किंवा माठ, खाली दोन विटा. तळाला नारळाची शेंडी किंवा तुराट्यांचे तुकडे. एक ओंजळ ओलं टाकलं की दोन ओंजळी सुकं. वाळला पाला, भुसा, पाचटाचा चुरा, नाहीतर नुसती कोरडी माती. पहिल्या दिवशी शेजारणीकडून मागून आणलेल्या शेणाचा एक तांब्या काला. हात घालून बघायचं. पिळून काढलेल्या लुगड्याएवढी ओल हवी. पाणी निथळलं तर सुकं घाला, भुरभुरलं तर पाणी शिंपडा. वास आला तर डबा पालथा करू नका, माती टाका आणि काडीनं हलवा. तेलकट भाजी, मटणाची हाडं, जास्त मिठाचं लोणचं टाकू नका. आमच्या बालाघाटाची सीताफळं संपत नाहीत, त्यांची सालं सुंदर कुजतात. बिया मात्र जशाच्या तशा निघतात, त्या आधीच वेचून ठेवा. आम्ही आठ दिवस तराजूवर मोजलं. पाच-सहा माणसांच्या घरात ओला कचरा रोज किलोच्या आसपास निघतो. तीन महिन्यांनी तेवढ्या सगळ्याची चार-पाच घमेली होतात. मुरल्यावर खूपच बसतं ते. बघून पहिल्यांदा वाईट वाटतं. हातात घेतल्यावर वाटत नाही.

आता खरं भांडण. खत झालं. कुणाचं?

एका घरी सुनेनं पावसाळाभर डबा सांभाळला, दोन पोती काळंभोर खत निघालं. तिनं परसात वांगी, दोडका, मेथी करायची ठरवली होती. एक दिवस ती बाजाराला गेली आणि पोती दिराच्या कापसात पडली. विचारलं तर उत्तर, "रान काय वेगळं आहे का?" रान वेगळं नव्हतं. पण रान तिच्या नावावरही नव्हतं. सातबारावर तिचं नाव नाही, आणि खताला तर सातबाराच नसतो. त्या दिवशी तिनं डबा बंद केला. आम्ही तिला समजवायला गेलो आणि तिनं आम्हालाच समजावलं. जे माझं होणार नाही ते मी का मुरवू?

तिचं खरं होतं. शेजारच्या धाराशिव, लातूरकडं स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या बाया काय करतात ते आम्ही ऐकलं होतं. घरच्या रानातला अर्धा-एक एकर बाई मागून घेते आणि त्यात घराला लागणारं धान्य, भाजी आपल्या हातच्या खतावर पिकवते. एक एकर मॉडेल म्हणतात त्याला. आमच्याकडं एकर मागायची अजून हिंमत नाही, तेव्हा आम्ही खतापासून सुरुवात केली. गटाच्या वहीत आता कर्जाच्या पानाच्या पुढं एक खताचं पान आहे. कुणाकडं किती घमेली निघाली, कधी निघाली, कुठं गेली. घरात कुणी नेलं तर तेही लिहायचं, नावासकट, घमेल्याला ठरलेल्या दरासकट. भांडायचं नाही, फक्त लिहायचं. ज्या दिराची पोती लिहिली गेली, त्यानं पुढच्या खेपेला विचारून नेली. एवढं झालं.

हे बोलणं रेकॉर्ड करतोय तेव्हा गणपती बसलेत. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतील. आमच्या गटातली निम्मी घरं कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं निघतील, ती चैत्राच्या आधी परत नाहीत. मागच्या साली सहा डबे बंद दारामागं सुकून दगड झाले. या साली आम्ही वेगळं ठरवलंय. जाणाऱ्या बायांनी डबे मागं राहणाऱ्यांच्या अंगणात आणून ठेवायचे. डब्यावर रंगानं नाव घालायचं. दुसरीच्या घरचा डबा साफ करायचा नाही हा ठराव तसाच आहे, म्हणून जाण्याआधी प्रत्येकीनं आपला डबा भरून, वर चार बोटं माती घालून लिंपून द्यायचा. मागं राहणारीनं त्यात हात घालायचा नाही, आठवड्याला फक्त वरून पाणी शिंपडायचं. उसाच्या फडावर पाचट ढिगानं पडतं, पण ते तिथल्या मालकाचं. एक जण म्हणाली, कोपीबाहेर एक खड्डा मी तिथंही करीन, माझ्या चुलीची राख तरी माझीच आहे ना.

परवा तिघींनी डबे आणून दिले. एकीनं आपल्या डब्यावर नाव घातलं ते स्वतःचं, आणि त्याच्याखाली, थोड्या बारीक अक्षरात, सासूचं.